चाळीस मिनिटांची परीक्षा

बालमित्रांनो, शालेय कबड्डी स्पर्धेत तुमचा संघ कधी उतरलाय का? मैदान सोलापूरचं असो की सांगोल्याचं, एक सामना हरला की गाशा गुंडाळून घरी! यालाच म्हणतात बाद पद्धत.

२०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये मात्र आधी साखळी सामने होतात. एकदा हरलं तरी पुढच्या सामन्यात भरपाई करता येते. त्यातून वरचे संघ बाद फेरीत जातात आणि अंतिम सामन्यात पुन्हा तुमच्यासारखंच, हरला तो संपला!

अमेरिकेतल्या बेसबॉलची गंमत वेगळी. तिथल्या ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये दोन संघ एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळतात. आधी चार जिंकेल तो विजेता. आज हरलात, तर उद्या उट्टं काढा! आपल्या कबड्डीत अंतिम सामना एकच. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, की निकाल लागला.

म्हणून इथं भले भले घसरतात, बरं का! गुजरातचा संघ २०१७ मध्ये आला आणि पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोहोचला. पाटणा पायरेट्सनं त्याला ५५-३८ असं हरवलं. पुढच्या हंगामाचा अंतिम सामना जानेवारी २०१९ मध्ये झाला. गुजरात पुन्हा अंतिम फेरीत आणि पुन्हा पराभूत! बंगळुरूच्या पवन सेहरावतनं एकट्यानं २२ गुण मिळवले.

आपल्या यू मुंबानं २०१४ चा अंतिम सामना जयपूरविरुद्ध ३५-२४ असा गमावला. पण २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असं नमवून चषक पटकावलाच.

आणि पुणेरी पलटण? २०१४ मध्ये आठ संघांत आठवी. २०१५ मध्येही आठवीच! २०१६ मध्ये दोन हंगाम झाले, दोन्हींत तिसरी. २०२२ मध्ये पहिल्यांदा अंतिम फेरी गाठली, पण जयपूरनं ३३-२९ असं हरवलं. फक्त चार गुण कमी पडले!

पलटण खचली नाही. पुढच्या हंगामात अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली तिनं २२ साखळी सामन्यांतले १७ जिंकले, फक्त २ गमावले. गुणतक्त्यात पहिली आल्यानं थेट उपांत्य फेरीत प्रवेश मिळाला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सशी गाठ पडली. पंकज मोहितेनं एकाच चढाईत चार गुण आणले आणि पलटण २८-२५ अशी जिंकली. शेवटच्या क्रमांकावरून पहिल्यावर यायला दहा वर्षं लागली!

मग गोष्ट संपली? छे! २०२५ च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीनं पलटणला ३१-२८ असं हरवलं. गंमत म्हणजे २०२२ मध्ये पुण्याचा कर्णधार असलेला इराणचा फझल अत्राचली या वेळी दिल्लीकडून खेळत होता! आता पलटणला पुन्हा पहिल्या साखळी सामन्यापासून सुरुवात करावी लागणार.

तेव्हा दोस्तांनो, तालुक्याला हरलात तर दुसऱ्या दिवशी मैदानावर या. पालकहो, मूल हरून घरी आलं, की किती गुणांनी हरलात हे आधी विचारू नका. कोणती पकड सुटली ते विचारा. बघा, कसं भरभरून बोलायला लागेल!