जुने पदवीधर आणि त्यांचे विद्यापीठ

तेरच्या माणसासमोर परीक्षेचा विषय निघाला की त्याला आधी गोरोबाकाका आठवतात. कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. संतमंडळी काकांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईने थापटणे पाहून विचारले, हे कशासाठी? काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग इथे बसलेली मडकीही पाहा, असे म्हणताच काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे हाणले. बाकीचे गप्प राहिले, नामदेव रागावले, आणि हे मडके कच्चे असा निकाल झाला.

कथेचा पुढचा भाग लोक घाईघाईने सांगतात. नामदेव औंढ्या नागनाथाला गेले, विसोबा खेचरांना गुरू केले आणि पक्के झाले. आता समजा, त्या दिवशीचा निकाल ऐकून एखादा पाहुणा आपल्या गावी परतला आणि पुढची तीस वर्षे पारावर बसून सांगत राहिला की नामदेव कच्चा. तो लबाड नव्हे. त्याने डोळ्यांनी पाहिले तेच तो सांगत होता. पण नामदेवांविषयी त्याचे सांगणे चूकच होते.

असे निकाल आपल्या गावोगावी दर उन्हाळ्यात लागतात, आणि ते विद्यापीठांविषयी असतात. बारावी झाली की बाप मुलाला नाहीतर मुलीला घेऊन गावातल्या एखाद्या जुन्या पदवीधराकडे जातो. बहुधा ते निवृत्त गुरुजी असतात. गुरुजी म्हणतात, "आमच्या वेळचं विद्यापीठ आता राहिलं नाही. पुण्याला पाठवा." बाप घरी येऊन हिशेब मांडतो : खोलीचं भाडं, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च. मुलगा असला तर सावकाराचं दार ठोठावलं जातं. मुलगी असली तर पुष्कळदा शिक्षणच थांबतं. गुरुजींना याचा पत्ताही नसतो.

म्हणून विचारायचं ते हे, की "आमच्या वेळचं विद्यापीठ" म्हणजे नेमकं कोणतं?

मराठवाड्यात तर हा प्रश्न फारच गुंतागुंतीचा आहे. १९५८ पर्यंत आपलं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. ते १९१८ साली निघालं आणि तिथे सारं शिक्षण उर्दूत होतं, विज्ञानसुद्धा. पुस्तकं उर्दूत आणायला भाषांतराचं वेगळं खातं होतं. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा एवढा मोठा प्रयोग त्या काळी विरळाच. त्या विद्यापीठातून बाहेर पडलेला एखादा म्हणेल, रसायनशास्त्र देशी भाषेत शिकता येतं हे आम्ही करून दाखवलं. त्याच वर्गातला दुसरा म्हणेल, ज्याच्या घरी मराठी त्याला पदवीसाठी परकी वाट तुडवावी लागली. दोघेही खरेच बोलतात. १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर उर्दू माध्यम गेलं, इंग्रजी आलं. १९४० चा पदवीधर आणि १९५५ चा पदवीधर यांच्या प्रमाणपत्रावर नाव एकच, पण दोघे दोन वेगळ्या विद्यापीठांत शिकले.

आणि १९३८ साली 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून ज्यांना उस्मानियातून काढून टाकले, त्यांचे काय? त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. उस्मानियाविषयी बोलायला या मुलांपाशी सगळ्यात जास्त होते, पण उस्मानियाच्या पदवीधरांच्या यादीत ती नाहीत. कुंभार हे जाणतो. आव्यात तडकलेले मडके बाजारात येत नाही, आणि बाजारातली मडकी पाहून आवा उत्तम होता असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. नापास झालेला, फी न भरता आल्याने घरी बसलेला, यांना कोणी साक्षीला बोलावत नाही.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९७८ साली विधिमंडळाने त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यावर दंगली उसळल्या, दलितांची घरे जळाली. पुढे १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले. नांदेड, परभणी, लातूर तिकडे गेले, आपला जिल्हा इकडेच राहिला. आता एक अवघड गोष्ट बोलतो. "दर्जा घसरला" असे जे म्हटले जाते, त्यात कधीकधी खरी तक्रार असते : जागा रिकाम्या, परीक्षा लांबलेल्या, निकाल उशिरा. पण कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो, की पूर्वी वर्गात आमच्यासारखीच मुले होती आणि आता वाडीवस्तीची, ज्यांच्या घरात कोणी शाळेत गेले नव्हते अशी मुले आणि मुली आल्या. मला विचाराल तर याला घसरण म्हणू नये. कोणती तक्रार कशाची, हे ऐकणाऱ्याने निवडून घ्यावे.

मग जुन्या पदवीधराने बोलूच नये की काय? तसे मुळीच नाही. त्याला एक गोष्ट अशी ठाऊक असते, की ती आजच्या विद्यार्थ्याला कळणे शक्य नाही. प्राध्यापक तासाला येतात का, ग्रंथालय उघडे असते का, हे आजचा विद्यार्थी सांगेल. पण शिकलेल्यातले पंचवीस वर्षांनी काय उपयोगी पडले आणि कशावाचून अडले, हे सांगायला पंचवीस वर्षेच जावी लागतात. मडक्यात पाणी किती दिवस टिकते, हे घरात वापरणाऱ्यालाच कळते. तेव्हा गुरुजींना "विद्यापीठ कसं आहे?" असे विचारू नका. "तुम्हाला तिथं काय शिकवलं नाही आणि त्यामुळं पुढं अडलं?" असे विचारा. आणखी एक विचारा, "तिकडं शेवटचं कधी गेला होता?" उत्तर पुष्कळदा "पदवीदानाला" असे येते, बरं का!

कायद्यानेही जुन्या पदवीधराला जागा दिलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपल्यातून १० सभासद निवडून देतात. मुदत पाच वर्षांची. अधिसभेपुढे विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आणि हिशेब येतात. म्हणजे तिथे बसणाऱ्याला आठवणीवर नव्हे, चालू वर्षाच्या कागदावर बोलता येते. मात्र पदवी घेतली म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. आमच्या वेळचं विद्यापीठ राहिलं नाही असे म्हणणाऱ्या आपल्या शाळेतल्या किती जणांचे नाव त्या यादीत आहे, हे मधल्या सुट्टीत सहज विचारून पाहता येईल.