परसबागेसाठीं घरचें खत

बारा वर्षांनीं उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी मराठींत म्हण आहे. संकटांतल्या माणसाला धीर देण्यासाठीं ती वापरतात. परंतु प्रत्यक्ष उकिरड्यापुरतें पाहिलें तर तींत धरलेली मुदत फारच लांब आहे. भाजीचे देठ, फळांच्या साली आणि अंगणांतील पालापाचोळा यांचें उत्तम खत होण्यास तीन-चार महिने पुरतात. मात्र त्यासाठीं कचरा नुसता टाकून भागत नाहीं. तो रचावा लागतो.

टाकलेला उकिरडा आणि रचलेला ढीग यांतील मुख्य फरक हवेचा आहे. वनस्पतींचे अवशेष आपोआप कुजत नाहींत. असंख्य सूक्ष्म जंतु आणि बुरशी त्यांवर आपली उपजीविका करितात. यांपैकीं कांहीं जंतूंना प्राणवायु लागतो, कांहींना तो मुळींच नको असतो. ढिगांत हवा खेळती असली म्हणजे पहिल्या प्रकारचे जंतु वाढतात. त्यांच्या श्वसनानें ढीग तापतो आणि दुर्गंधी सुटत नाहीं. ओला कचरा दाबून भरला व त्यांत पाणी सांचलें, कीं दुसऱ्या प्रकारच्या जंतूंचें राज्य सुरू होतें. मग घाण सुटते आणि मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु तयार होतो. मोठ्या शहरांच्या कचराभूमींत हेंच घडतें. मुंबईंत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्यें आग लागली, तेव्हां तिचा धूर कित्येक दिवस वस्त्यांवर पसरला होता. असल्या आगींना जें इंधन मिळतें, त्यांत ओल्या कचऱ्यापासून निघणाऱ्या या वायूचाही वांटा असतो. म्हणजे परसांत ज्या वस्तूचें खत झालें असतें, तीच गांवाबाहेर गेल्यावर उपद्रव होऊन परत येते.

खताच्या ढिगाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्याचें मोठें श्रेय इंदूरकडे जातें. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं भारतांत आले. बिहारमधील पुसा येथें बरींच वर्षें काम केल्यावर १९२४ पासून १९३१ पर्यंत ते इंदूरच्या संशोधनसंस्थेचे प्रमुख होते. तेथें यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते, आणि १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या विषयावरील ग्रंथावर दोघांचींही नांवें आहेत. त्यांच्यापुढील अडचण अशी होती, कीं शेतकऱ्याचें बरेंचसें शेण गोवऱ्यांच्या रूपानें चुलींत जात असे आणि शेताला खत अपुरें पडे. चीनमधील शेतकऱ्यांची खत करण्याची जुनी परंपरा हॉवर्ड यांना ठाऊक होती. तिला प्रयोगाची व मोजमापाची जोड देऊन, थोड्या शेणांत पुष्कळ पालापाचोळा कुजविण्याची रीत या दोघांनीं बसविली. तीच ‘इंदूर पद्धति’ या नांवानें जगभर गेली.

या पद्धतीचें मर्म मिश्रणांत आहे. जंतूंना शक्तीसाठीं कर्ब आणि शरीर बांधण्यासाठीं नत्र लागतें. सुमारें तीस भाग कर्बास एक भाग नत्र, हें प्रमाण त्यांना मानवतें. सुकीं पानें, वाळलेलें गवत, नारळाच्या सोडणाचा काथ्या, लाकडाचा भुसा यांत कर्ब फार; भाजीचा कचरा, चहाचा चोथा, हिरवें गवत आणि शेण यांत नत्र अधिक. नुसता पाला वर्षभर तसाच पडून राहतो, आणि नुसत्या साली चार दिवसांत आंबतात. दोन्ही एकत्र आल्या म्हणजेच काम साधतें. घरगुती व्यवहारांत एक टोपली ओल्या कचऱ्याला दोन टोपल्या सुका पाला, हा हिशेब पुरेसा आहे.

अंगण असल्यास सावलींत सुमारें ३ फूट लांब, ३ फूट रुंद व तितकाच उंच ढीग करावा. याहून लहान ढिगांत उष्णता टिकत नाहीं. तळाशीं काटक्या आंथराव्या, म्हणजे खालून हवा मिळते. त्यावर भिजविलेल्या पाल्याचा थर, मग ओल्या कचऱ्याचा पातळ थर, आणि त्यावर शेणकाला किंवा मूठ-दोन मुठी जुनें खत, अशा क्रमानें ढीग चढवावा. सर्वांत वर नेहमीं सुका पालाच असावा. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा : मूठभर मिश्रण दाबलें असतां एक-दोन थेंब यावे, धार लागूं नये. चांगला जमलेला ढीग आंतून ५५ ते ६५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतो, आणि या उष्णतेनें तणांचीं पुष्कळशीं बीजें मरतात. ढीग निवूं लागला कीं बाहेरचा भाग आंत व आंतला बाहेर, असा तो उलथावा. तीन महिन्यांत तीन वेळां उलथलें तरी पुरे. पावसाळ्यांत मात्र वर आच्छादन हवें.

सदनिकेंत राहणाऱ्यांसाठीं बुडाला व बाजूंना छिद्रें पाडलेलें पिंप किंवा मातीच्या मोठ्या कुंड्या चालतात. येथें उष्णता फारशी चढत नाहीं. म्हणून वेळ थोडा अधिक लागतो आणि कचरा बारीक चिरावा लागतो. निर्माल्यहि यांत घालतां येतें, पण हारांतील दोरा व जर आधीं काढावी. मासळी, मांस, तेलकट पदार्थ व रोगट झाडांचे अवशेष लहान भांड्यांत घालूं नयेत.

ढीग बिघडला तर तो स्वतःच कारण सांगतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कमी व पाणी फार. उलथून सुका पाला मिसळावा. नवसागरासारखा झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, उपाय तोच. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा पडला आहे. चिलटें आलीं तर ओला कचरा उघडा राहिला आहे.

खत तयार झालें, कीं तें काळसर व भुसभुशीत होतें, मूळ वस्तु ओळखूं येत नाहीं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. येथें घाई करूं नये. अर्धवट कुजलेलें खत मुळांशीं घातलें तर जंतु मातींतलें नत्र स्वतःकडे ओढतात आणि झाड पिवळें पडतें. कुंडीसाठीं तीन भाग मातींत एक भाग खत हें प्रमाण चांगलें. रासायनिक खताच्या मानानें यांत नत्र थोडें असतें. परंतु पाणी धरून ठेवणारी, मोकळी आणि जिवंत माती रासायनिक खतानें घडत नाहीं, ती या खतानें घडते.

बाजारांतून आलेली प्रत्येक भाजी कुठल्या तरी शेताच्या मातींतून कांहीं घेऊन येते. तें सारें त्याच शेताला परत करणें शहरांतील कुटुंबाला शक्य नसतें. पण गॅलरींतल्या कुंडींतील तुळशीला आणि मिरचीच्या रोपाला त्यांतलें थोडें देणें खात्रीनें शक्य असतें. तेवढाच भार कचराभूमीवरून उतरतो.