यंत्रमानवाला गोळी लागते, मग लेसर का लागत नाही?

'स्टारगेट एसजी-१' ही अमेरिकन मालिका १९९७ ते २००७ अशी दहा वर्षं चालली. तिच्यात 'रेप्लिकेटर' नावाचे यंत्रकिडे आहेत. छोट्या छोट्या ठोकळ्यांपासून बनलेले, मिळेल तो धातू खाऊन आपल्यासारखेच आणखी किडे तयार करणारे. परग्रहावरच्या अतिप्रगत लोकांची किरणशस्त्रं त्यांच्यावर चालत नाहीत, आणि पृथ्वीवरच्या साध्या बंदुकीच्या गोळ्यांनी मात्र ते खळाखळा फुटतात! 'स्टार ट्रेक : फर्स्ट कॉन्टॅक्ट' (१९९६) या चित्रपटातही तेच. अर्धे माणूस, अर्धे यंत्र असलेले 'बोर्ग' किरणशस्त्रांना सरावतात, तेव्हा कॅप्टन पिकार्ड जुन्या जमान्यातली मशीनगन चालवून त्यांना आडवं करतो.

आता तुम्ही म्हणाल, ही लेखकाची सोय झाली. इतकं पुढारलेलं शस्त्र हरतं आणि शिशा-तांब्याची गोळी जिंकते, हे कसं शक्य आहे? पण गंमत अशी, की इथे विज्ञान बऱ्याच अंशी लेखकाच्या बाजूने आहे. आणि ते समजून घ्यायला परग्रहावर जायची गरज नाही, आपली जालन्याची एमआयडीसी पुरेशी आहे.

वितळवणं महाग, तोडणं स्वस्त

'जालना सोने का पालना' असं जुने लोक म्हणायचे. आज आपलं गाव ओळखलं जातं ते सळईसाठी. भंगार इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचं बिलेट होतं, आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. एक किलो पोलाद साध्या तापमानापासून वितळेपर्यंत न्यायला साधारण १३०० किलोजूल ऊर्जा लागते. टनाला हा हिशोब येतो ३६० युनिटचा. पण हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्ष भट्टीला साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात, कारण उष्णता भिंतींतून, थंड करणाऱ्या पाण्यातून, वरच्या उघड्या तोंडातून निसटत राहते. म्हणूनच इथल्या कारखानदाराला विजेच्या दराची एवढी काळजी!

आता मिलमधलं शिअर मशीन बघा. १२ मि.मी.ची सळई कापायला ते सुमारे साडेचार टनांचा दाब देतं, पण फक्त काही मिलिमीटर अंतरापुरता. ढोबळ हिशोबाने काम होतं दीडशे जूलच्या आसपास. हीच सळई ३ मि.मी. रुंदीची रेघ वितळवून वेगळी करायची म्हटली तर साडेतीन हजार जूल लागतील, म्हणजे वीस पटींहून जास्त. कारण सोपं आहे. वितळवताना त्या रेघेतल्या प्रत्येक अणूला त्याच्या जागेवरून सैल करावं लागतं. तोडताना मात्र फक्त एका पातळ पट्ट्यातले बंध तुटले की काम भागतं.

लेसर म्हणजे दुरून चालवलेली भट्टी. आणि गोळी म्हणजे दुरून चालवलेलं शिअर मशीन!

वेळेचा हिशोब

आपली इन्सास रायफल पुण्याच्या एआरडीई या संस्थेने विकसित केली. तिच्या जातीची ५.५६ मि.मी.ची काडतुसं शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतात. गोळीचं वजन सुमारे ४ ग्रॅम, वेग सेकंदाला ९०० मीटर. सूत्रात घाला, ऊर्जा येते १६०० जूल. इतक्या ऊर्जेने अर्धा लिटर पाणी एक अंशानेसुद्धा तापत नाही. मग एवढीशी ऊर्जा पत्रा कसा फोडते?

उत्तर आहे वेळेत. पत्र्यातून आरपार जायला गोळीला सेकंदाचा तीस-पस्तीस हजारावा भाग लागतो. त्यात निम्मी ऊर्जा जरी दिली, तरी शक्ती होते २५ मेगावॉटच्या वर, आणि तीही नखाएवढ्या जागेवर. उष्णतेला आजूबाजूला पसरायला वेळच मिळत नाही.

आता ३० किलोवॉटचा लेसर घ्या. समजा लांबवर जाऊन त्याचा झोत १० सें.मी. व्यासाचा झाला. तर एका चौरस सेंटिमीटरला मिळतात ३८० वॉट. ५ मि.मी. जाडीचा पोलादी पत्रा तेवढ्या जागेत वितळवायला पाच हजार जूल हवेत. म्हणजे १३ सेकंद. पोलाद अर्ध्याहून जास्त प्रकाश परत फेकतं, हे धरलं तर अर्धं मिनिट. तेवढा वेळ यंत्रमानव एका जागी उभा राहील का? तो नुसता गोल फिरला तरी उष्णता अंगभर वाटली जाईल. शिवाय धातू उष्णता वाहून नेतो, हे स्वयंपाकघरातली पळीसुद्धा सांगते.

धक्का कुठून आणायचा?

सिनेमात किरण लागला की माणूस दहा फूट उडतो. प्रत्यक्षात प्रकाशाचा संवेग म्हणजे ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग. १६०० जूलच्या झोताचा संवेग गोळीच्या तुलनेत जवळजवळ सात लाख पटींनी कमी भरतो. यंत्राला धक्का नको असतो, हे आपल्याला वर्कशॉपमध्ये माहीत आहेच. सोल्डरिंगचा जोड सुटतो, कनेक्टर निघतो, बेअरिंगला खड्डा पडतो. गोळी आरपार गेली नाही तरी तिचा हादरा आतपर्यंत पोचतो. झोत आरपार गेला नाही, तर बाहेरचा रंग जळतो.

त्यात आणखी दोन अडचणी. मे महिन्यातली आपल्याकडची धूळ आणि तापलेली हवा झोत विस्कटून टाकते, गोळीला त्याची फारशी पर्वा नसते. आणि गोळी आपली शिदोरी काडतुसातच घेऊन येते. लेसरला मात्र जनरेटर किंवा बॅटरी, आणि वर कूलिंग लागतं, कारण घेतलेल्या विजेचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्याच अंगात उष्णता होऊन बसतो.

मग लेसर जिंकतो कुठे?

जिंकतो, नक्की जिंकतो. १३ एप्रिल २०२५ रोजी आंध्र प्रदेशात कर्नूल इथे डीआरडीओने वाहनावर बसवलेल्या ३० किलोवॉट वर्गाच्या लेसर शस्त्राची चाचणी घेतली आणि मानवरहित विमान व ड्रोनचा थवा पाडून दाखवला. त्याआधी फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेने बोइंग ७४७ विमानावरच्या लेसरने उडतं क्षेपणास्त्र पाडलं होतं, पुढे २०११ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला.

नीट बघा, दोन्हीकडे लेसरने अर्धंच काम केलं. ड्रोनचं अंग हलकं आणि पातळ. एक पंख मऊ पडला की उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. क्षेपणास्त्राच्या टाकीत आधीच दाब असतो, पत्रा तापून कमजोर झाला की ती स्वतःच फुटते. जमिनीवर घट्ट उभा असलेला, जाड पोलादी यंत्रमानव अशी कुठलीच मदत करत नाही.

आपल्या कामाचं

हे सगळं वाचून काय करायचं? पवईच्या आयआयटीत 'टेकफेस्ट'मध्ये रोबोवॉर होतं. तिथे गाजणारे रोबो बघा, बहुतेकांकडे फिरती चकती, ड्रम नाहीतर बार असतो. चकती म्हणजे सावकाश भरलेली बंदूक. मोटर काही सेकंद ऊर्जा साठवते आणि आघात मिलिसेकंदात होतो.

पण इथेच खरी काळजी घ्यायची आहे. ३ किलोची, १६ सें.मी. व्यासाची पोलादी चकती मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरवली, की तिच्यात १९०० जूल ऊर्जा साठते. म्हणजे वर सांगितलेल्या रायफलच्या गोळीपेक्षा जास्त! तिच्या कडेचा वेग तासाला १८० किलोमीटर असतो, एखादा बोल्ट निसटला तर तो याच वेगाने सुटणार, आणि कुठल्या दिशेने ते कुणालाच सांगता येणार नाही. बंदूक भरून कुणी मित्राच्या दिशेने टेबलावर ठेवत नाही. पण चकतीची ट्रायल मात्र उघड्या वर्कशॉपमध्ये, सगळे गोल करून उभे असताना घ्यायचा मोह होतो.

म्हणून यंदा जी टीम रोबो बनवेल, तिने आधी चारी बाजूंनी आणि वरूनही बंद, जाड पॉलिकार्बोनेटचा पिंजरा बनवावा. रिमोटचा सिग्नल तुटला की मोटर आपोआप बंद होते का, ते चकती न लावता तपासावं. चकतीला लॉकिंग पिन असावी आणि ती सगळ्यात शेवटी, पिंजरा बंद करण्याच्या अगोदर काढावी. चकती पूर्ण थांबल्याशिवाय पिंजरा उघडू नये. एवढं झालं, की मग खुशाल फिरवा चकती!