फोटोवरचा बाण जागचा हलला नाही पाहिजे! डीटीपीवाल्यांसाठी एक नवं काम



बीड, अंबाजोगाई, माजलगाव, कुठल्याही बसस्टँडजवळ फेरी मारा. झेरॉक्स-डीटीपीची दुकानं एकाला एक लागून दिसतील आणि सगळीकडे काम तेच, बायोडाटा, पत्रिका, ऑनलाइन फॉर्म. सगळेच तेच विकायला लागले की भाव पडणारच. आजच्या व्हिडिओत दाखवलेलं काम शेजारच्या दुकानात सहसा मिळत नाही. फोटोवर अचूक बाण, गोल आणि नावं टाकून छापायला तयार माहितीपत्रक करून द्यायचं.

गिऱ्हाईक कुठून येणार? आपल्याच जिल्ह्यात बघा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. समजा, एखाद्या बचत गटाने गर काढायचं यंत्र घेतलं. भिंतीवर लावायला त्यांना एक तक्ता हवाय, गर कुठून टाकायचा, बिया कुठून पडतात, स्विच कुठे, पट्ट्यावरचं झाकण कुठलं. तुम्ही वर्डमध्ये फोटो टाकला, वर बाण ठेवले. मग फोटो जरा लहान केला आणि बाण होते तिथेच राहिले. आता ‘इथे बंद करा’ हा बाण स्विचकडे नाही, फिरत्या पट्ट्याकडे दाखवतोय. घाईत एखादी ताई तिथेच हात घालेल. म्हणून हे काम अंदाजे करायचं नसतं.

यावर उपाय म्हणजे लेटेक आणि त्यातलं टिक्झ. दोन्ही मोफत. टिक्झ जर्मनीच्या टिल टांटाऊ यांनी बनवलं. गंमत म्हणजे या नावाचा जर्मनमधला अर्थच ‘टिक्झ हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर नाही’ असा आहे! खरंच आहे ते. इथे माऊसने ओढायचं नसतं, जागा आकड्यांत सांगायची असते.

युक्ती अशी. फोटो एका नोडमध्ये ठेवायचा, त्याच्या भोवतीची मोकळी जागा शून्य करायची आणि डावा खालचा कोपरा आरंभबिंदूवर बसवायचा. मग स्कोप उघडून सांगायचं की आडवं एक माप म्हणजे फोटोची पूर्ण रुंदी आणि उभं एक माप म्हणजे पूर्ण उंची. झालं! डावा खालचा कोपरा (०, ०), उजवा वरचा (१, १), बरोबर मध्य (०.५, ०.५). फोटो पोस्टकार्डाएवढा करा नाहीतर फ्लेक्सएवढा, बाण त्याच जागेवर टोचणार. अख्खा कोड व्हिडिओच्या खाली दिलाय.

जागा शोधायची कशी? फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आहे आणि पेंटमध्ये स्विचवर कर्सर नेल्यावर १०००, ६०० दिसलं असं धरा. आडवं १००० भागिले ४०००, म्हणजे ०.२५. उभं मात्र ६०० भागिले ३०००, म्हणजे ०.२ नाही! पेंट वरून मोजतं, आपण खालून. एकातून वजा करा, ०.८. नवशिके हमखास इथेच अडकतात. हिशोब नकोच असेल तर फोटोवर ०.१ अंतराची जाळी काढा, जागा वाचून घ्या आणि छापण्याआधी जाळी काढून टाका. विसरलात तर गिऱ्हाईक हसेल.

दुसरी अडचण गोलाची. त्रिज्या नुसती ०.१ लिहिली तर गोल अंड्यासारखा होतो, कारण फोटोची रुंदी आणि उंची सारखी नसते. त्रिज्या ४ मिलिमीटर अशी एककासकट लिहा. पण मग फोटो मोठा केला तरी गोल तेवढाच राहतो. अक्षरांचा आकार आणि रेषेची जाडीही आपोआप वाढत नाही. म्हणून कागदाचं माप आधी विचारून घ्या, मगच बसा.

मराठी नावांसाठी झीलेटेक निवडा आणि देवनागरी युनिकोड फॉन्ट द्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला तर भलतीच अक्षरं उमटतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा. संगणकावर टेक लाइव्ह टाकता येतं, नाहीतर ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ आहेच. फोटो मात्र हलका करून टाका. शिकायला पैसे घालवू नका, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लेटेकचे धडे फुकट आहेत.

आता भावाचं. तासावर पैसे सांगू नका, पानावर सांगा. हात बसला की अर्ध्या वेळात काम होईल, मग तासाच्या हिशोबाने तुमचंच नुकसान. दुरुस्तीचे दर पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. कोडची फाईल जपून ठेवा. यंत्राचं नवं मॉडेल आलं की फोटो बदलून दोन-चार आकडे नव्याने मोजले की नवा तक्ता तयार. आणि छापण्याआधी यंत्र रोज चालवणाऱ्या माणसाला प्रिंट दाखवून प्रत्येक बाणावर बोट ठेवायला सांगा, मालकाला नव्हे. सही त्यानंतर घ्यायची.