डॉमिनिका : डोंगरांनी राखलेले बेट

डॉमिनिका या नावाने पुष्कळांचा घोटाळा होतो. डॉमिनिकन रिपब्लिक म्हणून जो देश आहे तो निराळा. तेथे स्पॅनिश बोलतात आणि त्याचा विस्तार डॉमिनिकाच्या साठपटींहूनही अधिक आहे. क्रिकेटच्या चाहत्यांना मात्र हे छोटे बेट अगदीच अपरिचित नसावे. २०२३ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा काढल्या, त्या याच देशाच्या रोझो या राजधानीत. त्या मैदानामागे जे हिरवे डोंगर दिसतात त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण या देशाचा बहुतेक इतिहास त्यांनीच घडविला आहे.

कॅरिबियन समुद्रात ग्वाडलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मध्ये हे बेट उभे आहे. 'उभे' हा शब्द मी जाणूनबुजून योजला. लांबी सुमारे ४७ किलोमीटर, रुंदी जेथे सर्वांत अधिक तेथे २६, आणि क्षेत्रफळ ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याचा एक पंचमांश. एवढ्याशा जागेत मोर्न डियाब्लोतँ हे शिखर १,४४७ मीटर उंच गेले आहे. आपल्या कळसूबाईहून ते दोनशे मीटरच बुटके. मूळ रहिवासी बेटाला वाईटुकुबुली म्हणत. 'तिचा देह उंच आहे' असा त्याचा अर्थ. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी ते कोलंबसाच्या दृष्टीस पडले, तो रविवार होता. म्हणून त्याने त्या वाराचेच नाव बेटाला दिले. दोहोंपैकी कोणाची नजर अधिक चांगली होती, हे श्रोत्यांनीच ठरवावे. बेट दिसते कसे, असे राजाने विचारले तेव्हा कोलंबसाने एक कागद चुरगळून मेजावर टाकला, अशी आख्यायिका आहे.

हे डोंगर ज्वालामुखींचे आहेत आणि ते अद्याप पुरते निवालेले नाहीत. दाट अरण्यातून काही तास चालत गेले म्हणजे एक उकळते सरोवर लागते. सुमारे ६० मीटर रुंदीच्या त्या कुंडात राखी रंगाचे पाणी खालच्या वाफेच्या जोराने सतत खदखदत असते. डोंगरमाथ्यावर पाऊस इतका, की आंबोलीचा आषाढ ज्याने पाहिला आहे त्यालाच कल्पना यावी. वर्षात जितके दिवस तितक्या आमच्या नद्या, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात.

आता या चढउतारांचा परिणाम पाहा. शेजारच्या बार्बाडोस, अँटिग्वा या बेटांवर युरोपीय मळेवाल्यांनी जंगल तोडून ऊस लावला आणि आफ्रिकेतून माणसे गुलाम करून आणली. उसाला सपाट जमीन लागते, ती येथे नव्हती. १७४८ च्या तहात इंग्रज व फ्रेंच या दोघांनीही हे बेट मूळ रहिवाशांकडे राहू द्यावे असे मान्य केले. कागदावरचे ते वचन पंधरा वर्षे टिकले. १७६३ मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. गुलामी येथेही आली, परंतु मळ्यातून पळालेल्याला लपावयास डोंगर जवळच होता. अशा फरारी लोकांच्या वस्त्या दऱ्याखोऱ्यांत वसल्या. जॅको नावाच्या त्यांच्या एका नायकाने कित्येक वर्षे गोऱ्या फौजेला दाद दिली नाही. तो १८१४ मध्ये मारला गेला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कड्यात खोदलेल्या पायऱ्या आजही आहेत. त्या मुद्दाम इतक्या उंच ठेवल्या आहेत की चढणारा शिपाई धापा टाकीतच वर पोचावा. सह्याद्रीच्या घाटांचा उपयोग ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे मर्म उलगडून सांगावयास नको.

१८३८ मध्ये पूर्ण मुक्ती मिळाल्यावर याच लोकांनी उतारांवर लहान लहान शेते केली. कॉफी झाली, लिंबू झाले, पुढे केळी आली. ब्रिटनच्या बाजारात केळ्यांना सवलत होती तोवर खेड्यांत पैसा खेळला. १९९० नंतरच्या दशकात ती सवलत जागतिक व्यापाराच्या वादात सापडली आणि बागा ओस पडू लागल्या. ३ नोव्हेंबर १९७८ रोजी स्वतंत्र झालेल्या या देशाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास आहे. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. घरातली क्वेयोल, जिचे शब्द बहुतांशी फ्रेंच आणि घडण मात्र आफ्रिकी वळणाची.

ज्या डोंगरांनी आश्रय दिला, तेच वादळात जिवावर उठतात. स्वातंत्र्याला वर्ष होण्यापूर्वीच, २९ ऑगस्ट १९७९ रोजी, डेव्हिड नावाचे चक्रीवादळ आले. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री आलेल्या मारियाने तर कहर केला. कडे कोसळले, नद्यांनी पूल नेले, बहुतेक घरांची छपरे उडाली. पंतप्रधानांच्या घराचेही वाचले नाही. नुकसानीचा अंदाज राष्ट्राच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक निघाला. उजाडले तेव्हा हिरवे बेट तपकिरी झाले होते, झाडांवर पान म्हणून उरले नव्हते. राष्ट्रध्वजावर ज्याचे चित्र आहे तो जांभळ्या छातीचा सिसेरू पोपट त्यानंतर अधिकच दुर्मिळ झाला. पुनर्बांधणीचा बराच पैसा हा देश परकीयांना नागरिकत्व विकून उभा करतो. ते ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पण ज्याचे छप्पर दर काही वर्षांनी उडते त्याच्यापुढे पर्याय थोडेच असतात.

बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर सुमारे ३,७०० एकरांचा एक प्रदेश आहे. कॅरिब या नावाने ज्यांना आपण ओळखतो आणि ज्यांच्यावरून त्या समुद्राला नाव पडले, ते लोक स्वतःला कालिनागो म्हणवितात. हे नाव त्या प्रदेशाला सरकारी रीतीने २०१५ मध्ये मिळाले. इतर बहुतेक बेटांवरून ते नाहीसे झाले. येथे डोंगराआड उरले. इंग्रज सरकारने १९०३ मध्ये त्यांना हा प्रदेश राखून दिला. येथील जमीन सर्वांच्या सामायिक मालकीची आहे, ती विकता येत नाही. १९३० मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत त्यांचे दोघे जण ठार झाले आणि सरकारने त्यांच्या मुखियाचे पदच रद्द केले; ते १९५२ मध्ये परत मिळाले. २०२३ मध्ये याच समाजातील सिल्व्हॅनी बर्टन ही स्त्री देशाची राष्ट्राध्यक्ष झाली.

या लोकांची भाकरी कसाव्याची. विषारी कंद किसून, पिळून त्याचा रस काढून टाकावयाचा आणि कीस तव्यावर भाजावयाचा. आपला एकादशीचा साबुदाणा याच कंदापासून होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांच्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या बोलण्यात कित्येक शब्द वेगळे असत. बेटावर राहिलेल्या रेमों ब्रेतों नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६६५ मध्ये या भाषेचा कोश छापला, त्यात ही जोडशब्दांची नोंद आहे. डॉमिनिकात ती भाषा विसाव्या शतकाच्या आरंभी बोलणाऱ्यांबरोबर संपली. मात्र शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून १७९७ मध्ये इंग्रजांनी हद्दपार केलेल्या लोकांचे वंशज, गारिफुना, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर तिचेच एक रूप आजही बोलतात.