मोटारीतील शीतयंत्र: कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वीची परीक्षा

आपल्या सभासद बंधूंपैकी बहुतेकांच्या दारी आज वातानुकूलित मोटार उभी असते. वैशाखात सिल्वासा-वापी रस्त्यावर वाहनांची रांग लागली आणि गाडीत वृद्ध आई-वडील अथवा तान्हे मूल असले, म्हणजे ही सोय चैनीची राहत नाही. नेमके याच दिवसांत यंत्र रुसते. मिस्त्री बॉनेट उघडतो व "कॉम्प्रेसर गेला, शेठ" एवढे सांगून मोकळा होतो. हा निवाडा हजारो रुपयांचा असतो. वानगी पाहिल्याखेरीज आपण धान्याचा सौदा करीत नाही. येथे मात्र निमूटपणे मान डोलावतो.

कॉम्प्रेसर हा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप होय. तो थंड वायू ओढून घेतो, दाबतो आणि रेडिएटरपुढील कंडेन्सरच्या जाळीकडे धाडतो. तेथे वायू आपली उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. पुढे ओलावा शोषणाऱ्या ड्रायरमधून व एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताच त्याचा दाब एकाएकी उतरतो, आणि डॅशबोर्डमागील नळ्यांत पुन्हा वायू होताना तो आतील हवेची उष्णता शोषून घेतो. पूर्वी यासाठी आर-१२ हा वायू वापरीत. तो ओझोनच्या थरास घातक ठरल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये मागे पडला व आर-१३४ए आला. सांगावयाचे इतकेच की, या साखळीतील कोणताही दुवा बिघडला तरी थंडावा जातो. त्याचे खापर मात्र कॉम्प्रेसरवर फुटते.

गाडी वेगात असता थंडावा येतो आणि रांगेत थांबताच जातो, असे असेल तर प्रथम पंखा व कंडेन्सर पाहावा. धान्याच्या पेठेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीवर भुसा व धूळ यांचा थरच बसतो. पाण्याच्या हलक्या धारेने ती धुतली असता पुष्कळदा तक्रार मिटते.

त्यानंतर क्लच. यंत्र चालू करताच पुलीपुढील चकती 'टक्' असा आवाज करून पुलीबरोबर फिरू लागली पाहिजे. ती स्थिर राहिल्यास फ्यूज, रिले आणि तारा तपासाव्यात. गोदामालगत गाडी ठेवणाऱ्यांनी तर तारा आधी पाहाव्यात. उंदीर धान्यावरच समाधान मानतात असे नाही! वायू कमी झाला असल्यासही दाबाचा स्विच क्लचला वीज मिळू देत नाही, आणि ते योग्यच आहे. क्लचला थेट १२ व्होल्ट क्षणभर दिले असता चकती खेचली गेली, तर क्लच शाबूत असून दोष अन्यत्र आहे असे समजावे. काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. त्यांना ही कसोटी लागू नाही.

खरी वानगी मिळते ती दाबमापकांवर. उन्हाळ्यात निळ्या मापकावर सुमारे ३० ते ५० पौंड आणि तांबड्यावर २०० ते २७५ पौंड दाब दिसावा. गाडीगणिक थोडा फरक पडतो. दोन्ही काटे खाली असल्यास वायू गळाला आहे. सांध्यांवरील तेलकट डाग शोधावेत. दोन्ही वर असल्यास कंडेन्सर तुंबला आहे अथवा वायू जास्त भरला आहे. निळा काटा चढलेला, तांबडा उतरलेला, आणि इंजिनाचा वेग वाढविला तरी दोन्ही काटे जवळजवळच, असे दिसले म्हणजे पंप दाब देत नाही, हे बहुधा खरे. आतून खडखड आवाज येणे अथवा तेलात धातूचा चुरा सापडणे, हीही तीच साक्ष.

बदलण्याचे ठरले, की जुना वायू हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावा. चुरा निघाला असल्यास नळ्या धुवाव्यात. कंडेन्सर बारीक नळ्यांचा असेल तर तो धुऊन स्वच्छ होत नाही, तो बदलणेच बरे. ड्रायर व सांध्यांच्या रबरी कड्या नव्याच घालाव्यात. येथे काटकसर करणाऱ्याचा नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्याने लवकर निकामी होतो. जुन्यातून निघालेले तेल मोजून नव्यातील तेलाचे प्रमाण ठरवावे, आणि तेल कंपनीने सांगितलेल्याच जातीचे असावे. मग निर्वात पंप निदान अर्धा तास चालवून बंद करावा. काटा पुन्हा चढू लागला तर गळती शिल्लक आहे, असे समजून थांबावे.

वायू मात्र तोलूनच भरावा. बॉनेटखालील पट्टीवर त्याचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. 'हाताला थंड लागेतो' भरणाऱ्या मिस्त्रीस, मापाचा धंदा करणाऱ्या आपण तरी काटा मागावयास संकोचू नये. बदललेला जुना भाग व पक्के बिलही त्याच वेळी मागून घ्यावे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा प्रकार सर्वस्वी निराळा. त्यांतील कॉम्प्रेसर नारिंगी आवरणाच्या, शेकडो व्होल्टच्या तारांवर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे असते. ते काम रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे न देता कंपनीच्या प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.