व्हाइस सिटीच्या गाड्यांची कुंडली

परवा भाचा वैतागला होता. "मामा, ही लँडस्टॉकर वळणावर उलटते कशी?" मी त्याला थेट फाइलच उघडून दाखवली.

२००२ सालच्या 'जीटीए: व्हाइस सिटी' या गेमच्या डेटा फोल्डरमध्ये हँडलिंग.सीएफजी नावाची साधी टेक्स्ट फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडते. एका गाडीची एक ओळ: वजन, गुरुत्वमध्य, टायरची पकड, गिअर, कमाल वेग. पेट्रोलला पी, डिझेलला डी. कुठला आकडा कशाचा, हे निर्मात्यांनी वरच लिहून ठेवलंय. मला याचं आजही अप्रूप वाटतं!

गुरुत्वमध्याचे तीन आकडे असतात. तिसरा उंचीचा, तो थोडा खाली आणला की गाडी रस्ता धरते. मी पूर्वी नुसतं ॲक्सिलरेशन तिप्पट केलं होतं. पकड तीच राहिल्याने चाकं जागीच फिरत राहिली.

मूळ फाइलची प्रत आधी काढा. एका वेळी एकच आकडा बदला.

मिशन्स मात्र मेन.एससीएममध्ये असतात. ती फाइल कंपाइल केलेली, नोटपॅडमध्ये वाचता येत नाही. त्यासाठी सॅनी बिल्डर नावाचं टूल लागतं. तिथे बदल केला तर जुने सेव्ह बिघडू शकतात.

भाच्याची गाडी आता उलटत नाही. तुम्हाला कुठली गाडी सुधारायचीय? विचारा, आकडे मिळून बघू.